दोन पोस्टकार्डं

"गेलं, आजोबा," वेदिका म्हणाली. "नाव गेलं."

दादू ओटीवर सुपारी कातरत बसला होता. त्याचा अडकित्ता थांबला. "गेला म्हंजे? शनिवारी तर होता."

"शनिवारी होतं. आज कोणीतरी विकत घेतलंय."

"फणसघर?"

"फणसघर."

आत स्वयंपाकघरात राजश्री नारळ खवत होती. तो आवाजही थांबला. ती बाहेर आली नाही, पण खवणीवर बसल्या जागी ती सगळं ऐकते आहे, हे ओटीवरच्या दोघांनाही कळलं.

गेले तीन आठवडे त्या घरात दुसरा विषय नव्हता. राजश्री म्हणजे दादूची सून. फणसपोळी करण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाचा रस, ताटाला लावायचं तेल, उन्हाचा कोन, सगळं तिला डोळे मिटून जमायचं. अकरा वर्षं ती पोळी करत होती आणि अकरा वर्षं ती रत्नागिरीच्या बाजारातल्या दोन दुकानांना देत होती. दुकानदार तिच्या पोळीवर स्वतःच्या दुकानाची चिठ्ठी चिकटवून विकायचे. एकदा तर मुंबईहून नवऱ्याने, म्हणजे निलेशने, फोन करून सांगितलं की दादरला फार सुंदर फणसपोळी मिळाली, अगदी तुझ्यासारखी. पाकिटाचा फोटो पाठवला तेव्हा राजश्रीने कडेची घडी ओळखली. तिचीच होती.

 या वर्षी तिने लांज्याच्या काजू कारखान्यातलं काम सोडलं आणि देवरूखच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, वेदिकाला म्हणाली, तू ते वेबसाइट का काय म्हणतेस ना, ते कर. पोळी माझी, तर पाकीटही माझंच असू दे.

वेदिकाने कामाला हात घातला. वेबसाइट म्हणजे दुकान आणि डोमेन म्हणजे त्या दुकानाचा पत्ता, असं तिने घरच्यांना समजावलं. सगळ्या जगात त्या नावाचा पत्ता एकच, दुसऱ्याला मिळायचा नाही. यावर दादू नुसता हसला. अडतीस वर्षं पोस्टमन म्हणून गाव तुडवलेल्या माणसाला पत्ता म्हणजे काय ते नातीने सांगावं, याचं त्याला कौतुकही वाटलं आणि थोडी गंमतही.

कारण त्या गावात पत्ता ही चीज दादूनेच निर्माण केली होती, असं म्हटलं तरी चालेल. चाळीस घरं साळव्यांची. त्यात बाबू साळवी चार. मुंबईहून पत्र यायचं, 'बाबू साळवी, मुक्काम पोस्ट अमुक', आणि लिहिणाऱ्याला वाटायचं, झालं आपलं काम. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी दादूने एका बाबूचं पत्र दुसऱ्या बाबूच्या घरी दिलं. पत्रात कोणा आत्याच्या निधनाची बातमी होती. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचलं, घरात रडारड झाली, बायकांनी चुली विझवल्या, आणि अर्ध्या तासाने खुद्द आत्या डोक्यावर गवताचा भारा घेऊन दारात उभी राहिली. तिने दादूला जे ऐकवलं ते त्याला अजून पाठ होतं.

त्या दिवसापासून दादूने शर्टाच्या खिशात पेन्सिल ठेवली. पत्र हातात आलं की कोपऱ्यात तो बारीक अक्षरात घराची खूण लिहायचा. पाणंदीतला बाबू. चिंचेखालचा बाबू. रेडिओवाला बाबू. चौथा बाबू अगदीच साधा निघाला, त्याला काही खूणच सापडेना, म्हणून तो 'नुसता बाबू'. पुढे गावानेही तीच नावं उचलली. नुसत्या बाबूच्या नातवाच्या लग्नपत्रिकेवर कंसात 'नुसते' असं छापलेलं होतं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

तेव्हा नाव शोधायला दादू हिरिरीने बसला होता. कोकण या शब्दाला पुढे-मागे काहीही जोडून पाहिलं तरी ते आधीच कोणीतरी जोडून ठेवलेलं होतं. रत्नागिरीचीही तीच गत. निलेशने मुंबईहून देवीच्या नावापासून सुरू होणारं आणि गृहउद्योगावर संपणारं एक नाव सुचवलं. वेदिकाने अक्षरं मोजली तर अडतीस भरली. दादूने ते एका वाक्यात निकालात काढलं. पाकिटावर मावत नाही तो पत्ता नव्हे, ती वंशावळ झाली.

आणि मग वेदिकाला 'फणसघर' सुचलं. छोटं, गोड, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला कळणारं. मोकळंही होतं. राजश्रीला आवडलं. ती स्वतःशी दोनतीनदा पुटपुटली सुद्धा. त्याच क्षणी घेतलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण दादूने हात वर केला. घरात बोअरवेल मारायची होती तेव्हा देवीला विचारलं होतं. निलेशला मुंबईला धाडताना विचारलं होतं. वेदिकाने सायन्सला जावं की कॉमर्सला, तेही विचारलं होतं. आता सगळ्या जगात दुकान मांडायचं आणि देवीला कौल लावायचा नाही, हे कसं चालेल? शिमग्याचे दिवस होते, पालखी सहाणेवर, देवळापुढच्या चौथऱ्यावर बसली होती. शनिवारी नारळ, पानाचा विडा घेऊन तिघं देवळात गेली.

गुरवाचा आवाज खणखणीत. त्याने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बाराच्या पूर्वसाला, म्हणजे गावच्या मूळ पूर्वजांना हाक मारून, धाकू साळव्याचा झील दादू, त्याची सून राजश्री, तिची लेक वेदिका असं सगळं खानदान देवीपुढे उभं केलं. ही तुझी लेकरं इंटरनेटावर दुकान मांडतायत, फणसघर या नावानं मांडतायत, त्यांच्या वाटेतले काटे बाजूला कर, आणि मान्य असेल तर उजवा कौल दे. शिमग्याला आलेले दीडएकशे चाकरमानी आणि गावकरी एका सुरात "होय महाराजा" म्हणाले. उजवी पाकळी टपकन पडली. दादूच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग मंगळवार चांगला म्हणून मंगळवारपर्यंत थांबायचं ठरलं.

म्हणजे नाव चोरीला जाऊ नये म्हणून जे करायचं, त्याच्या नेमकं उलट त्यांनी केलं होतं. दीडशे माणसांसमोर, गुरवाच्या आवाजात, तीनतीनदा नाव पुकारलं, आणि वर तीन दिवस ते उघड्यावर ठेवलं.

कोणी घेतलं ते शोधावं लागलं नाही. दुपारी तिठ्यावर गौरवने स्वतःच सांगितलं. गौरव भावकीतलाच, गाड्या भाड्याने द्यायचा, आंब्याच्या पेट्या मुंबईला न्यायचा. नाव आवडलं, मोकळं दिसलं, घेतलं. दादूने विचारलं, अरे देवीने कौल आम्हाला दिला होता. गौरवकडे उत्तर तयार होतं. कौल नावाला होता, माणसाला नव्हता, असं तो म्हणाला. देवीने नाव चांगलं म्हटलं म्हणूनच आपण घेतलं. आता राजश्रीवहिनीने पोळी करावी, आपण विकू, अर्धंअर्धं.

तिठ्यावरची माणसं दादूच्या तोंडाकडे बघत राहिली. 

"गौरवा," तो म्हणाला, "पत्ता घेतलास, बरा केलास. आता त्या पत्त्यावर एक फणसाचा झाड पण लाव. तुझ्या वाट्याचे सगळे फणस तू आंब्याची कलमा लावायला तोडलेस ना?"

लोक हसले. गौरवही ओशाळून हसला. नाव मात्र त्याने सोडलं नाही.

घरी येताना पाणंदीत दादूचा चेहरा पडला. चूक त्याची होती. कौल लावण्यात चूक होती, हे तो मरेपर्यंत मानणार नव्हता. पण बंद पाकिटातला मजकूर चव्हाट्यावर वाचायचा नसतो, हे अडतीस वर्षं दुसऱ्यांना सांगून तो स्वतःच विसरला होता.  राजश्रीने नेहमीसारखी पेज वाढली, वर फणसाची भाजी. तेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओटीवर आला तो नाव घेऊनच. रत्नागिरीच्या छापखानेवाल्याला पाकिटांचा मजकूर पुढच्या बुधवारपर्यंत द्यायचा होता. झाडावरचे बरके फणस वाजवून बघितले तर पहिले चार दिवसांत उतरणार होते. थांबायला वेळ नव्हता.

"चिमाची पोळी," दादू म्हणाला.

चिमा म्हणजे दादूची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. फणसपोळी या घरात आणली ती तिने. हेदवीच्या माहेराहून ती तो हात घेऊन आली होती आणि राजश्रीला तिनेच शिकवलं होतं. दादूचं म्हणणं असं, की नाव असं पाहिजे की अर्धा पत्ता लिहिला तरी पत्र पोचलं पाहिजे. आणि तसं नाव सगळ्या गावात एकच होतं. मुंबईची माणसं पूर्वी कार्ड टाकायची, त्यावर आडनाव नाही, वाडी नाही, नुसतं 'चिमाकाकी पोळीवाली', आणि खाली गाव. एकही कार्ड कधी चुकलं नाही.  एवढं पटण्यासारखं नाव आपल्याला पहिल्या दिवशी कसं सुचलं नाही, याचंच दादूला नवल वाटत होतं.

वेदिकाने टाइप करून पाहिलं. मोकळं होतं. तिने आईकडे बघितलं.

राजश्री दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पदराला हात पुसत म्हणाली, "सासूबाईंनी शिकवला म्हणून मी शिकले, मामंजी. त्यांचा नाव लावलात तर मी नाय म्हणायची नाय."

"मग झाला तर."

"पण अकरा वर्षं पोळी माझी नि चिठ्ठी दुसऱ्याची. एकदा तरी माझ्या नावानं जाईल असा वाटला होता." एवढं बोलून ती आत गेली. जाताना कोपऱ्यातली सुपं उगीचच घेऊन गेली आणि पुन्हा आणून ठेवली.

 राजश्री या घरात आल्यापासून दादूसमोर एवढं लांब वाक्य कधी बोलली नव्हती. राग आला म्हणावं तर राग यावा असं ती काही बोलली नव्हती.

वेदिकाच बोलली. बाजारात गिऱ्हाईक त्या दुकानांची चिठ्ठी वाचत नाही, असं तिने सांगितलं. ती आईबरोबर दोन वर्षं माल पोचवायला जात होती, तिने कानांनी ऐकलं होतं. माणसं काउंटरवर येऊन विचारतात, राजूची पोळी आली का? माहेरी राजश्रीला राजू म्हणायचे, लांज्याच्या कारखान्यातल्या बायकाही राजू म्हणायच्या, आणि तिथूनच ते बाजारात गेलं होतं. 'राजूची पोळी' हेही नाव मोकळं होतं. वेदिकाने काल रात्रीच पाहून ठेवलं होतं, फक्त बोलली नव्हती.

"राजू हा पुरुषाचा नाव," दादू म्हणाला. "लोकांना वाटेल कोण बापय पोळ्या थापतोय."

"वाटू दे. आणि आजोबा, राग मानू नका. आजीची कार्डं अर्ध्या पत्त्यावर पोचायची, कारण पोस्टमन तुम्ही होतात. आजीच्या नवऱ्याने आजीचं कार्ड आजीला आणून दिलं, त्यात नावाचं काय मोठेपण?"

दादूने सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळलं. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. पोरगी वकील व्हायची, असं त्याच्या मनात आलं. पण हार मानेल तो दादू कसला? त्याला चटकन दुसरी गोष्ट आठवली. आता गावात टपाल वाटायला ज्ञानेश्वरी होती. नांदेडकडची मुलगी, वर्षभरापूर्वी नेमणूक झालेली. ना गावची, ना भावकीतली. चिमाला तिने पाहिलेलंसुद्धा नव्हतं. तिच्यासारखा चोख पंच कुठे मिळणार?

ठरलं. दोन्ही नावांची दोन कार्डं टाकायची. आडनाव नाही, वाडी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. नुसतं नाव, गाव आणि पिन. जे पोचेल ते नाव. वेदिका कपाळाला हात लावून म्हणाली, कार्ड उघडं असतं, पुन्हा कोणीतरी वाचेल आणि घेईल. दादू म्हणाला, देवळात बोललेलं माणसं ऐकतात, टपालातलं पोस्टाशिवाय कोणी वाचत नाही. आणि पोस्टाचा माणूस दुसऱ्याचा पत्ता घेत नाही. 

गुरुवारी सकाळच्या एसटीने तो देवरूखला गेला. पोस्टात कार्डं अजून मिळत होती, काउंटरवरच्या माणसाला मात्र ती शोधावी लागली. दादू भिंतीकडेच्या उतरत्या टेबलाशी उभा राहिला. खिशातून चष्मा काढला, पेन काढलं, आणि पहिल्या कार्डावर पत्ता लिहिला. 'चिमाची पोळी'. खाली गाव, तालुका, पिन.

पत्ता झाला. कार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

कोरं कार्ड टाकणं त्याला जमेना. कोरं कार्ड म्हणजे पोस्टाची थट्टा. काहीतरी लिहायला हवं. आणि तिथे, देवरूखच्या पोस्टात, त्या डाग पडलेल्या टेबलाशी उभं असताना त्याच्या लक्षात आलं, की आपण बायकोला आयुष्यात एकही पत्र लिहिलेलं नाही. लिहिणार कशाला? रोज घरी तर यायचो. दुसऱ्यांच्या नवऱ्यांची पत्रं दुसऱ्यांच्या बायकांना पोचवायची, कित्येकींना वाचूनही दाखवायची, काही काही वाक्यं वाचताना खाली मान घालायची, आणि संध्याकाळी घरी येऊन चिमाने दिलेल्या कढत पाण्यात पाय सोडून बसायचं. ती एकदा म्हणाली होती, सगळ्या गावाला पत्रं येतात, पोस्टमनच्या बायकोला मात्र येत नाय. तो हसला होता. तीही हसली होती. ती हसली होती खरी, पण आज त्याला ते हसणं वेगळं दिसलं.

त्याने लिहिलं, 'चिमा, यंदा फणस बरे धरलेत. वरच्या भाताच्या कुणग्याजवळच्या झाडाला सगळ्यात जास्त. कळावे.'

दुसऱ्या कार्डावर 'राजूची पोळी' लिहिलं. त्याच्या मागे काय लिहावं याचा विचार करायला त्याला जास्त वेळ लागला. मागे उभा असलेला एक मुलगा पेन मागू लागला, तेव्हा त्याने घाईघाईने एक ओळ लिहिली आणि दोन्ही कार्डं पेटीत टाकली. ती आत पडल्याचा आवाज होईपर्यंत तो वाकून उभा होता.

शुक्रवार, शनिवार तो निवांत होता. चिमाचं कार्ड येणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. ज्ञानेश्वरीला माहीत नसेल, पण ती कोणालातरी विचारेल, आणि गावात चिमाचं घर सांगणार नाही असं माणूस कोण आहे? राजूचं कार्ड बहुधा तिठ्यावर फिरत राहील, पत्ता अपूर्ण म्हणून. मग राजश्रीची समजूत कशी घालायची, तेसुद्धा त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला तिचं नाव मोठ्या अक्षरात छापायचं.

सोमवारी अकराच्या सुमारास स्कूटरचा आवाज आला. राजश्री पुढच्या अंगणात, खळ्यात होती. पहिल्या दोन फणसांचा रस ताटांवर पसरून ठेवला होता आणि ती काठी घेऊन कावळे हाकत होती. दादू ओटीवरून उठला. ज्ञानेश्वरीने स्कूटर बेड्याशी, फाटकापाशी लावली आणि सरळ खळ्यात गेली. ओटीकडे तिने बघितलंही नाही.

"राजूची पोळी, तुमचंच ना?" तिने कार्ड पुढे केलं. "लांज्याच्या बसमधल्या बायकांनी सांगितलं होतं मागेच, पोळी हवी तर राजूची घ्या म्हणून. मला कोणाला विचारावं लागलं नाही."

राजश्रीने हात पदराला पुसले, कार्ड घेतलं, उलटं केलं. अक्षर तिने लगेच ओळखलं असणार, घरातल्या सगळ्या डब्यांवर तेच होतं. एकच ओळ होती. 'तुझी पोळी चिमाच्या पोळीहून पातळ आणि चांगली होते, हे मी कधी बोललो नाही.' ती वाचत उभी राहिली. एक कावळा ताटावर उतरला तरी तिला कळलं नाही.

दादू पायऱ्या उतरून आला. "ज्ञानेश्वरी, आणखी एक कार्ड असेल."

ज्ञानेश्वरी थोडी घुटमळली. मग पिशवीच्या मागच्या कप्प्यातून तिने ते काढलं. "आहे आजोबा. पण ते वाटपात नाही. मी विचारलं गावात. चिमाबाई म्हणजे तुमच्याच ना... त्या वारल्यात म्हणाले सहा वर्षांपूर्वी. मग नियमाप्रमाणे शेरा मारला. पाठवणाऱ्याचं नाव असतं तर परत केलं असतं."

दादूने कार्ड हातात घेतलं. डाव्या कोपऱ्यात, जिथे तो पेन्सिलने घराची खूण लिहायचा, अगदी तिथेच, निळ्या पेनाने 'मयत' असं लिहिलेलं होतं. सुवाच्य अक्षर होतं. हा शब्द त्याने अडतीस वर्षांत किती पाकिटांवर लिहिला असेल, त्याचा हिशेब नव्हता. लिहिताना दर वेळी तो दुसऱ्याच्या घरचा असायचा.

तो कार्डाकडे बघत राहिला. त्याला राजश्री दिसत होती, ताटं दिसत होती, वेदिका ओटीवर येऊन उभी राहिलेली दिसत होती. मयताच्या नावावर टपाल पाठवायचं नसतं. तिथे उघडायला कोणी नसतं. ही गोष्ट त्याने किती घरांना समजावली होती, किती मुलांना म्हटलं होतं, बाबा रे, त्यांच्या नावाने मागवू नका, आता तुमच्या नावाने मागवा. स्वतःला सांगायची वेळ आली नव्हती, एवढंच.

"शेरा बरोबर हाय," तो म्हणाला. "पण खाली तारीख नि सही नाय केलीस. नुसता शेरा चालत नाय. कोणी मारला ता कळला पाहिजे."

ज्ञानेश्वरीने पेन काढलं, कार्ड स्कूटरच्या सीटवर ठेवलं, आणि तारीख घालून सही केली. मग ती म्हणाली, "ठेवा आजोबा तुम्ही. तुमच्याच घरचं आहे. मी कोणाला सांगत नाही."

दादूचा हात पुढे झाला होता. तो त्याने मागे घेतला.

"माझ्या नावावर नाय ता. नियमानं जाऊं दे."

तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि कार्ड पुन्हा पिशवीच्या मागच्या कप्प्यात ठेवलं.

"वेदिका," दादूने वळून हाक मारली, "राजूची पोळी. आत्ता घे. मंगळवार नको नि कौल नको."

वेदिका आत पळाली. दोन मिनिटांत तिचा आवाज आला, घेतलं म्हणून. राजश्री अजून कार्ड हातात धरून उभी होती. मग ती लगबगीने घरात गेली, बहुधा ते कुठेतरी नीट ठेवायला. तिच्या हातातली काठी खळ्यात पडली होती.

स्कूटर सुरू झाली आणि पाणंदीकडे वळली. दादू वळणापर्यंत तिच्या पिशवीकडे बघत राहिला. दुपारच्या टपालात ते कार्ड रत्नागिरीला जाईल, तिथून पुढे धनी नसलेल्या टपालाच्या ऑफिसात. मग त्याने काठी उचलली आणि ताटांवर बसलेले कावळे हाकले.